अस्वल व गुरेपालक, सातपुड्यातील

महाराष्ट्राच्या वायव्य टोकास असलेल्या नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागात गुरे पाळणारे आदिवासी शेतकरी आणि अस्वल हे दोघेही एकाच वनावर उपजीविका करतात. त्यांच्यात वेळोवेळी उद्‌भवणारा संघर्ष आणि त्याबरोबरच पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले त्यांचे सहजीवन हा वन्यजीवशास्त्र व ग्रामीण अर्थव्यवस्था या दोन्ही दृष्टींनी महत्त्वाचा विषय आहे. जगाच्या अनेक डोंगरी प्रदेशांत पशुपालक व अस्वल यांच्यातील वैराचे कारण अस्वलाने मेंढ्या वा गुरे मारणे हे असते. सातपुड्यातील अस्वल गुरांची शिकार करीत नाही. तरीही येथे गुराखी जखमी होतात आणि प्रसंगी प्राणास मुकतात. या विसंगतीचा उलगडा झाल्याखेरीज येथील संघर्षाचे स्वरूप व त्यावरील उपाय ध्यानात येत नाहीत.

प्रदेश व लोक : धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते, तर तापी दक्षिणेकडील सपाट प्रदेशातून जाते. या दोन नद्यांच्या खोऱ्यांमधील जलविभाजक म्हणजे सातपुड्याची रांग होय. अक्राणी (धडगाव) तालुका जवळजवळ संपूर्ण, अक्कलकुवा तालुका बव्हंशी आणि तळोदा व शहादा या तालुक्यांचे उत्तरेकडील पट्टे या रांगेत मोडतात. तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून सु. १,१५० मी., तर अस्तंभा शिखर सु. १,३२५ मी. उंच आहे. वने शुष्क पानझडी प्रकारची असून त्यांत साग, सालई, धावडा, अंजन, खैर, टेंभुर्णी, चारोळी, मोह व बांबू हे मुख्य वृक्ष व वनस्पती आढळतात. उन्हाळ्यात बहुतेक ओढे आटतात आणि पाणी दऱ्यांतील मोजक्या झऱ्यांपुरते व डोहांपुरते उरते.

या भागातील वस्ती मुख्यत्वे भिल्ल व पावरा या जमातींची आहे. गाव एका जागी दाटीने वसलेले नसते. ते उतारांवर विखुरलेल्या पाड्यांचे बनलेले असते आणि घर बहुधा स्वतःच्या शेतातच बांधलेले असते. ज्वारी, मका, भगर, तूर ही पावसावरची पिके होत. उतारावरच्या दगडाळ तुकड्यांत यंत्राचा उपयोग मर्यादित असल्यामुळे नांगरट बैलांवर अवलंबून असते. गाय दुधापेक्षा गोऱ्ह्यासाठी व शेणखतासाठी पाळली जाते, तर शेळी म्हणजे अडीअडचणीला विकता येणारी पुंजी होय. ऐन पेरणीच्या वेळी बैल गमावला, तर त्या वर्षी शेत पडीक राहण्याची भीती असते. रात्री गुरे घराच्याच एका भागात किंवा घराला लागून असलेल्या गोठ्यात बांधण्याची पद्धत रूढ आहे. त्यामुळे रात्रीच्या वेळी जनावरांना बऱ्यापैकी संरक्षण मिळते. दिवसा मात्र ती चराईसाठी वनात न्यावी लागतात. पावसाळ्यात उभ्या पिकांपासून दूर ठेवण्यासाठी ती रानात राखावी लागतात, कापणीनंतर मोकळी सोडली जातात आणि गवत संपल्यावर पाला व पाणी यांच्या शोधात दूरवर हाकावी लागतात. गुरे राखण्याचे काम पुष्कळदा मुलांकडे व वृद्धांकडे असते.

अस्वल : सातपुड्यातील अस्वल ही भारतीय उपखंडात आढळणारी जाती असून तिचे शास्त्रीय नाव मेलर्सस अर्सिनस असे आहे. शरीराची लांबी १४० ते १९० सेंमी. व खांद्यापाशी उंची ६० ते ९० सेंमी. असते. नराचे वजन साधारणतः ८० ते १४५ किग्रॅ., तर मादीचे ५५ ते ९५ किग्रॅ. भरते. केस लांब, काळे व अस्ताव्यस्त असून छातीवर इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा पांढुरका पट्टा असतो. पुढच्या पायांची नखे ६ ते १० सेंमी. लांब व किंचित वाकडी असून ती मुख्यत्वे वारुळे उकरण्यासाठी उपयोगी पडतात. वरच्या जबड्यातील मधले दोन पटाशीचे दात नसतात आणि ओठ लांब व लवचिक असतात. नाकपुड्या मिटून घेऊन हा प्राणी त्या फटीतून वाळवी तोंडात ओढून घेतो. वाळवी, मुंग्या, मध, मोहाची फुले आणि बोर, जांभूळ, उंबर, टेंभुर्णी, बहावा इत्यादींची फळे हे त्याचे अन्न होय. मृत जनावराचे मांस तो क्वचितच खातो.

अस्वलाचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असते. परंतु दृष्टी अधू असते आणि अन्न शोधण्यात गढून गेला असता जवळ आलेल्या माणसाची चाहूल त्याला उशिरा लागते. मादी हिवाळ्याच्या सुमारास गुहेत किंवा खडकांच्या कपारीत बहुधा एक वा दोन पिलांना जन्म देते. गुहेबाहेर पडल्यावर पिले आईच्या पाठीवर बसून हिंडतात व दीड ते अडीच वर्षे तिच्या सोबत राहतात. वाघ व बिबट्या यांच्याशी एकाच वनात राहणाऱ्या आणि चटकन झाडावर चढून जीव वाचविण्याची सवय नसलेल्या या प्राण्याचा संरक्षणाचा मार्ग म्हणजे अकस्मात चालून जाणे हा होय. माणूस अगदी जवळ आल्याचे कळताच तो पळण्याऐवजी पुष्कळदा हल्ला करतो. त्याचा रोख डोक्याकडे व चेहऱ्याकडे असल्याने जखमा भयंकर होतात; डोळा, नाक वा जबडा गमावलेली माणसे अस्वलांच्या प्रदेशात सर्वत्र भेटतात.

संघर्षाचे स्वरूप : अस्वल गुरांसाठी येत नाही आणि गुराखी अस्वलासाठी जात नाही. दोघांची गाठ पडते ती समान गरजांमुळे. अशा गाठी पडण्याची ठिकाणे मुख्यतः तीन आहेत. पहिले ठिकाण म्हणजे पाणवठा. उन्हाळ्यात उरलेल्या एखाद्या झऱ्यावर गुरे, माणसे व वन्य प्राणी या सर्वांनाच यावे लागते. दुसरे ठिकाण नाल्याकाठची गच्च झाडी हे होय. अस्वल दिवसाच्या उन्हात अशा सावलीत किंवा कपारीत विश्रांती घेते आणि गुरेही दुपारी तेथेच शिरतात. चुकलेली गाय शोधण्यासाठी गुराखी झाडीत वाकून शिरतो, तेव्हा त्याच्यात व झोपलेल्या अस्वलात काही हातांचेच अंतर उरलेले असते. तिसरे ठिकाण मोहाचे झाड होय.

मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये रात्री व पहाटे गळतात. ती उन्हाने सुकण्यापूर्वी किंवा गुराढोरांनी खाण्यापूर्वी वेचण्यासाठी स्त्रिया व मुले अंधार असतानाच रानात जातात. त्याच वेळी अस्वलही झाडाखाली आलेले असते. मोह हे डोंगरी कुटुंबाचे अन्न, औषध व रोख उत्पन्न असल्यामुळे हे काम टाळता येत नाही. एप्रिल-मे मध्ये कैऱ्या उतरवून आमचूर तयार करण्याचा मोठा व्यवसाय धडगाव परिसरात चालतो. त्याही निमित्ताने माणसे रानाजवळ राबत असतात. म्हणजे वनात अन्नाची सर्वांत मोठी रेलचेल आणि पाण्याची सर्वांत मोठी टंचाई या दोन्ही गोष्टी एकाच ऋतूत येतात व त्याच ऋतूत भेटींची शक्यता वाढते. पावसाळ्यात वाढलेले गवत व उभी पिके यांमुळे समोरचे दिसत नाही. हिवाळ्यात पिलांजवळ असलेली मादी गुहेच्या आसपास कोणालाही फिरकू देत नाही. सारांश, धोका बाराही महिने असतो. मात्र त्याची जागा व वेळ ऋतूनुसार बदलते.

मध्य भारतातील पाहणीवरून या प्रश्नाची व्याप्ती कळून येते. त्या वेळच्या मध्य प्रदेश राज्यात १९८९ ते १९९४ या पाच वर्षांत अस्वलांनी ७३५ व्यक्तींवर हल्ले केले. त्यांपैकी ४८ दगावल्या. उत्तर बिलासपूर वनविभागात (आताचे छत्तीसगढ) एप्रिल १९९८ ते डिसेंबर २००० या काळात १३७ जणांवर हल्ले झाले व ११ मृत्यू ओढवले. मृत्यूंचे प्रमाण तुलनेने कमी दिसले, तरी वाचलेल्यांपैकी अनेकांना आयुष्यभराचे व्यंग येते. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील दुर्गम पाड्यांवरून जखमी व्यक्तीला पुष्कळदा बांबूला बांधलेल्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. पुढे घाट उतरून मोठे रुग्णालय गाठेपर्यंत बराच काळ जातो आणि तोपर्यंत झालेला रक्तस्राव व जंतुसंसर्ग हीच मोठी संकटे ठरतात. घरातील एक गुराखी अंथरुणाला खिळला की गुरांमागे जाण्यासाठी मुलाची शाळा सुटते किंवा एखादे जनावर विकावे लागते.

अस्वल व बिबट्या : गुरे, वासरे व शेळ्या मारणारा या भागातील मुख्य प्राणी बिबट्या होय. सातपुड्याच्या पायथ्याशी तळोदा व शहादा तालुक्यांत ऊस व केळी यांचे क्षेत्र वाढल्यापासून त्याला तेथेही लपण्यास जागा मिळाली आहे. वनात मरून पडलेल्या जनावराजवळ अस्वलाच्या पाऊलखुणा दिसल्या की दोष काही वेळा अस्वलाला दिला जातो. या दोन प्राण्यांत फरक करणे व्यवहारतः महत्त्वाचे आहे. बिबट्यापासून गुरे वाचविण्यासाठी भक्कम गोठा, कुंपण व रात्रीची राखण हे उपाय योग्य ठरतात. अस्वलाच्या बाबतीत वाचवायचे असते ते गुराख्याला, आणि तेही गोठ्यात नव्हे, तर रानात व दिवसाउजेडी किंवा पहाटे. एकाचा उपाय दुसऱ्यास लागू केल्यास खर्च होतो, पण जखमी होणाऱ्यांची संख्या घटत नाही.

अधिवासातील बदल : १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या गॅझेटिअरमध्ये सातपुड्यातील वन्य प्राण्यांत अस्वलाचा उल्लेख आहे. त्या काळी या डोंगरांत वाघही होते. पुढे वाघ नाहीसे झाले. अस्वल मात्र अल्प संख्येने टिकून राहिले. दरम्यान, लाकूडतोड, वणवे, शेतीचा विस्तार व अतिचराई यांमुळे वने विरळ झाली. नर्मदेवरील सरदार सरोवर प्रकल्पाच्या जलाशयाने जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांमधील ३३ गावे बाधित झाली. हा जलाशय २०१९ मध्ये प्रथमच १३८·६८ मी. या पूर्ण पातळीपर्यंत भरला. नदीकाठची सपाट शेते, चराऊ जमीन व झाडी पाण्याखाली गेली. विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी १९९० नंतर तळोद्याच्या वनातील सु. ४,२०० हेक्टर क्षेत्र मोकळे करण्यात आले. अशा रीतीने उरलेल्या वनावर गुरांचा, माणसांचा व वन्य प्राण्यांचा भार एकाच वेळी वाढला.

मोहाची फुले सहज दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची पद्धत आहे. ही आग पसरून वणवा लागतो. गवत जळते व बोरी-करवंदीची झुडपे नष्ट होतात. म्हणजे गुरांचा चारा व अस्वलाचे अन्न ही दोन्ही एकाच आगीत जातात. याउलट, फळे खाऊन विष्ठेवाटे बहावा, बोर, जांभूळ इत्यादींच्या बिया दूरवर पसरविणे व वाळवीच्या संख्येवर नियंत्रण ठेवणे ही अस्वलाची वनाला होणारी मदत आहे आणि तिचा लाभ चराऊ रानालाही मिळतो.

इतर प्रदेशांशी तुलना : काश्मीर व हिमाचल प्रदेशात काळे अस्वल मक्याच्या शेतांत व फळबागांत शिरते आणि मेंढ्या-शेळ्याही मारते. लडाखमध्ये तपकिरी अस्वल मेंढवाड्यांत घुसते. फ्रान्समधील पिरेनीज पर्वतात तपकिरी अस्वले जवळजवळ नामशेष झाल्यावर १९९६ पासून स्लोव्हेनियातून अस्वले आणून सोडण्यात आली. तेथील मेंढपाळांनी त्यास तीव्र विरोध केला. कारण राखणीवाचून उन्हाळी कुरणांत मेंढ्या सोडण्याची सवय त्यांना जडली होती. राखणदार कुत्रे, रात्रीची वाडगी, मेंढपाळांच्या वेतनास साहाय्य व भरपाई हे उपाय तेथे योजण्यात आले. या सर्व ठिकाणी वादाचा विषय जनावर हा आहे. सातपुड्यात राखणदार कुत्र्याचा उपयोग संशयास्पद ठरतो. अस्वलाने पाठलाग केलेले कुत्रे मालकाकडेच धाव घेते व संकट त्याच्यावर ओढवते. पिरेनीजमधील मेंढपाळांपुढील प्रश्न हरवलेल्या सवयी पुन्हा शिकण्याचा होता. सातपुड्यातील गुराख्याकडे त्या सवयी अद्याप आहेत.

कायदा व भरपाई : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अस्वल पहिल्या अनुसूचीत असून त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. मात्र स्वतःच्या वा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्‌भावनेने केलेली कृती अपराध ठरत नाही. वन्य प्राण्यांच्या हल्ल्यात बळी पडलेल्यांना महाराष्ट्र शासन साहाय्य देते. २०२३ मधील शासन निर्णयानुसार मृत्यू झाल्यास २५ लाख रुपये ही रक्कम ठरविण्यात आली. इजा व पाळीव जनावरांची हानी यांसाठीही तरतूद आहे. भरपाई मिळण्यासाठी वनखात्याला वेळेत खबर देणे, पंचनामा व वैद्यकीय दाखला आवश्यक असतो. दूरच्या पाड्यांतील लोकांना ही कार्यपद्धती अवघड वाटते आणि भरपाई लांबली की रोष प्राण्यावर निघतो. जिल्ह्यातील वनांची व्यवस्था नंदुरबार व मेवासी (मुख्यालय तळोदा) या वनविभागांकडे असून तोरणमाळच्या वनक्षेत्रास संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे. सीमेपलीकडे गुजरातमध्ये १९८२ साली डुमखल येथे खास अस्वलांसाठी अभयारण्य स्थापन झाले. त्याचा विस्तार होऊन १९८९ पासून ते शूलपाणेश्वर अभयारण्य म्हणून ओळखले जाते. त्याचे क्षेत्रफळ सु. ६०८ चौ. किमी. आहे. अस्वलांचा वावर राज्यसीमा पाहून होत नसल्यामुळे दोन्ही राज्यांच्या वनखात्यांचे सहकार्य आवश्यक ठरते.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६ अन्वये चराईचा व गौण वनोपजाचा हक्क, तसेच सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळतो. पाणवठा कोणत्या वेळी गुरांसाठी, कोणती दरी पिलांच्या दिवसांत चराईस वर्ज्य, पाला जाळावा की जाळू नये, हे ठरविण्याची खरी जागा ग्रामसभा हीच होय. चराई सरसकट बंद करण्याच्या आदेशापेक्षा असे निर्णय अधिक पाळले जातात. कारण ते घेणाऱ्यांनाच दुसऱ्या दिवशी गुरे घेऊन रानात जायचे असते.

सहजीवनाची रीत व उपाय : सातपुड्यातील आदिवासी वन्य पशूंना केवळ शत्रू मानीत नाहीत. गुराढोरांचे रक्षण व्हावे म्हणून वाघदेवाची पूजा करण्याची प्रथा या भागात आहे. रानाचा धनी दुसराही कोणी आहे, ही जाणीव तीत आहे. व्यवहारातही काही नेम रूढ आहेत. गुराखी एकटा न जाता सोबतीने जातो, चालताना बोलतो, हाकारे देतो किंवा काठी आपटतो. गुरांच्या गळ्यातील घंटा किंवा लाकडी घाटी चुकलेले जनावर शोधण्यास उपयोगी पडते, तशीच अस्वलाला आगाऊ सूचनाही देते. गुरे एकाएकी थबकली, कान टवकारून फुरफुरू लागली, तर पुढे न जाण्याचा इशारा समजला जातो. ताजी उकरलेली वारुळे दिसल्यास ती वाट सोडली जाते.

या अनुभवाला पुढील उपायांची जोड देता येते : मोह वेचण्यास उजाडल्यावर व गटाने जाणे, झाडाखाली पाला जाळण्याऐवजी जाळी वा कापड अंथरणे, अंधारात विजेरी वापरणे, पाड्याजवळ गुरांसाठी पाण्याची सोय करून वनातील निदान काही झरे वन्य प्राण्यांसाठी मोकळे ठेवणे, गुहांच्या परिसरात हिवाळ्यात गुरे न नेणे, वैरण साठवून उन्हाळ्यातील दूरची चराई कमी करणे, चेहऱ्याच्या जखमांवरील प्रथमोपचारांचे शिक्षण पाड्यापाड्यांतील आरोग्यसेवकांना देणे. अस्वल दिसल्यास पळणे, दगड मारणे वा पिलांजवळ जाणे धोक्याचे असते. त्याच्याकडे लक्ष ठेवून सावकाश मागे सरावे व त्याची वाट मोकळी करावी. हल्ला झालाच, तर पालथे पडून दोन्ही हातांनी मान व डोके झाकावे.

यांतील बहुतेक उपायांना फारसा खर्च नाही. ते मुख्यतः वेळ व अंतर सांभाळण्याचे उपाय आहेत. कारण येथील संघर्ष भक्ष्याचा नसून गाठ पडण्याचा आहे. डोंगरात गुरांवाचून शेती चालत नाही आणि रानावाचून गुरे जगत नाहीत. तेच रान अस्वलाचेही अखेरचे आश्रयस्थान आहे. त्यामुळे रान राखणे हे दोघांनाही सारखेच हितकारक आहे. गुराख्याचा जीव सुरक्षित राहिला, तरच त्या रानातील अस्वलाविषयीची सहनशीलता टिकून राहू शकते.